बारा वेळा नाही

"मला येत न्हाई, बाई," आफ्रीन म्हणाली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

विजयमालाला आधी वाटलं, पोरगी लाजतेय. शाळेचा पहिला दिवस, गळ्यात झेंडूचा हार, सभोवती अनोळखी गर्दी, लाजणारच की. तिनं पुठ्ठ्यावर ठोकलेला शर्ट थोडा पुढं सरकवला. राधाकिशनचा, तिच्या नवऱ्याचा, जुना आकाशी शर्ट होता तो. कोर्टातल्या कारकुनीत सहा वर्षं घालून कॉलरीला विरलेला आणि आता शाळेच्या कामी आलेला. "लाव बरं एक बटण. वरचं राहू दे, हे मधलं लाव, सोपंय." आफ्रीननं शर्टाकडं पाहिलं, मागं उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं आणि मान हलवली. "न्हाई येत. कार्डावर लिव्हलंय." एवढं ती अगदी शांतपणे म्हणाली, कुणी विचारल्यावर आपलं नाव सांगावं तसं.  विजयमालाला राग आला, आणि कुणाचा ते कळायच्या आतच आला. कारण हीच पोरगी, हेच टेबल, हाच शर्ट. एप्रिलमध्ये हिनं ओठ मुडपून सातही बटणं अशी पटापट लावली होती की शेजारच्या टेबलावरच्या यास्मिनबाई हातातलं काम सोडून बघत राहिल्या होत्या.

सकाळचे दहा वाजायला आले होते आणि पत्र्याचा व्हरांडा आत्ताच तापला होता. बिंदुसरा नदीच्या पलीकडच्या या चार खोल्यांच्या शाळेत आज सणच होता म्हणा की. कागदावर तरी होता. सातपासून विजयमाला उभीच होती. दाराला आंब्याचा डहाळा, उंबऱ्यात रांगोळी, फुगे, 'मी शाळेत निघालो' अशी थर्माकोलची चौकट, तिच्यातून प्रत्येक पोराचं तोंड बाहेर काढून एकेक फोटो. मग ट्रॅक्टरमधून पोरांची मिरवणूक, त्यात एक पोरगं ओकलं. मग पुस्तकं वाटायला काढली तर गणिताची आलेली आणि मराठीची यायचीत. नळाला पाणी नाही. मोबाईलवर अ‍ॅप उघडत नाही, उघडलं तर फोटो चढत नाही, चढला तर जागा चुकीची दाखवतंय, पुन्हा काढा. आणि या सगळ्यात अकरा वाजता केंद्रप्रमुख यायचे होते. एवढ्या धबडग्यात शिकवायचं कधी, हा प्रश्न तिनं एकोणीस वर्षांत इतक्यांदा विचारला होता की आता तो नुसता जिभेवर येऊन परत जायचा. दोन-तीन वर्षांमागं तर शिकवण्याच्याही आधी पोरांना जगता आलं पाहिजे, असं वरून आलं होतं. जीवनकौशल्यं! पहिलीत येणाऱ्या पोरानं बटण लावावं, केळं सोलावं, बाटलीचं झाकण फिरवावं, दोरीला गाठ मारावी, आपलं नाव, पत्ता, वडिलांचा फोन नंबर सांगावा, अशा बारा गोष्टी. त्या एकदा एप्रिलमध्ये बघायच्या, मधल्या दोन महिन्यांत आयांनी घरी करून घ्यायच्या, आणि जूनमध्ये पुन्हा बघायच्या. कार्डावर दोन रकाने. पहिला एप्रिलचा, दुसरा जूनचा. कल्पना वाईट नव्हती, हे विजयमालाही मान्य करायची. ज्यानं कुणी ती काढली त्याला पोरं आवडत असणार. पण तो माणूस इथं येत नाही, इथं केंद्रप्रमुख येतात.

"बाई, काय करावं हो हिचं?" सलिमा पुढं झाली. आफ्रीनची आई. तिचा नवरा फकीर बसस्टँडच्या बाहेर केळीचा गाडा लावतो. सलिमानं बुरख्याच्या आतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून वर्तमानपत्राची घडी, आणि घडीतून ते कार्ड. दोन महिन्यांत त्याला एक सुरकुती नव्हती. बाकीच्या आयांनी कार्डाचं काय केलं होतं ते विजयमालाला आज सकाळीच कळलं होतं. कुणाचं पेटीत गेलं, कुणाचं पिठाच्या डब्याखाली, साखराबाईच्या नातवानं तर त्याचं विमान केलं होतं. बरं झालं, असंच तिला वाटलं होतं. आणि ही बाई ते वर्तमानपत्रात घालून घेऊन आली. "लई घेतलं हो हिच्याकडून करून. सकाळी बटणं, दुपारी झाकण. हिच्या अब्बाच्या गाड्यावरची केळं किती सोलली असतील, मोजदाद न्हाई. आधी तर सुधरत होतं काहीतरी, आता त्ये बी गेलं." सलिमानं कार्ड टेबलावर ठेवलं, नीट, तोंड बाईंकडं करून. पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत विजयमालाचंच अक्षर होतं, निळ्या शाईतलं, वळणदार. नाही. नाही. नाही. बारा वेळा. खाली शाळेचा गोल शिक्का.

अक्षर छान होतं, हेच तिच्या मनात पहिल्यांदा आलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली. एप्रिलमधली ती दुपार तिला आठवायची नव्हती, पण न आठवायला ती काय वीस वर्षांमागची होती? पोरांना तपासायचा मेळावा संपला होता, सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या, ऑफिसात पंखा नुसता आवाज करत होता. तिच्यासमोर तेवीस कार्डं होती आणि आफ्रीनच्या कार्डावर तिनं पेन्सिलीनं बारा वेळा 'स्वतः करते' लिहिलं होतं, कारण पोरीनं सगळंच स्वतः केलं होतं. केळं तर तिनं देठाकडून न सोलता खालच्या टोकाकडून सोललं, "अब्बा असंच सोलतात, दोरे येत न्हाईत," असं बाईंनाच शिकवलं. फोन नंबर विचारला तर दोन सांगितले, एक अब्बाचा आणि एक शेजारच्या गॅरेजवाल्या सद्दामचा, "अब्बाचा लागला न्हाई तर." विजयमाला खळखळून हसली होती. आणि मग मुख्याध्यापक आदिनाथ सर आले, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून कार्डाकडं पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, एप्रिललाच सगळं येतंय म्हणल्यावर जूनला काय दाखवायचं?" मागच्या वर्षी आपल्या शाळेची प्रगती शून्य टक्के निघाली, खुलासा द्यावा लागला, विसरलात का? ती विसरली नव्हती. मागच्या वर्षी तिनं खरं लिहिलं होतं. पोरांना एप्रिलमध्ये जे येत होतं ते जूनमध्येही येत होतं, म्हणजे वाढ नाही, म्हणजे शिक्षकांनी काम केलं नाही. असा तो हिशेब. खुलाशाच्या त्या कागदावर 'आपण कर्तव्यात कसूर केल्याचे दिसून येते' असं वाक्य होतं, आणि ते वाक्य राधाकिशनच्या नजरेस पडू नये म्हणून तिनं आठ दिवस पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं होतं. आदिनाथ सर काही वाईट माणूस नव्हे. "सगळेच करतात मॅडम," एवढंच म्हणाले, आणि यास्मिनबाईंनी मान डोलावली. विजयमालानं खोडरबर घेतलं. तेवीस कार्डं, पाऊण तास. कुणाचं काय जातंय, पुढच्या रकान्यात 'येते' लिहायचंच आहे, असं ती मनाशी म्हणत होती. कार्डं शाळेतच राहायची होती. दर वर्षी शाळेतच राहतात. यंदा मेच्या पहिल्या आठवड्यात वरून निरोप आला, कार्डं आयांकडं द्या, म्हणजे त्यांना कळेल काय करून घ्यायचं, आणि शिपायानं ती गठ्ठ्यानं वाटून टाकली. विजयमाला तेव्हा भाचीच्या लग्नात होती.

"पण भाभी," ती म्हणाली, "घरी तर हिला येत असेल ना? कपडे कोण घालतं हिचे?" प्रश्न विचारतानाच तिला कळलं की आपण वाट शोधतोय, निसटायला. सलिमा म्हणाली, "येत हुतं की! हीच घालायची, धाकट्या गुफरानचे बी हीच घालायची. मला वाटायचं, आपली पोर हुशार हाय. मंग कार्ड आलं. मी सद्दामकडून वाचून घेतलं, दोनदा. म्हणलं, आपण अडाणी, आपल्याला वाटतंय हिला येतंय, पर बाईनी बघितलं असंल काहीतरी. शिकलेल्या मान्साला दिसतंय ते आपल्याला थोडंच दिसतंय? हिच्या अब्बाला म्हणलं, खोटं हाय का काय हे? ते म्हणले, शिक्का हाय त्यावर, खोटं कसं असंल." तिनं पोरीच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली. "मंग ही बटण लावायची, मी म्हणायचे, असं न्हाई, बाई म्हणतात तसं लाव. ही म्हणायची, कसं? आता कसं ते मला तरी कुठं ठावं! म्हणलं, पुन्यांदा लाव. ही पुन्यांदा तसंच लावायची. मंग मी मारायचे." शेवटचं वाक्य तिनं आवाज न बदलता सांगितलं. मारणं काय, पोरांना सगळेच मारतात. "डॉक्टरकडं बी नेलती बाई. त्यानं बाटली दिली, ताकदीची हाय म्हणला. निम्मी संपली."

विजयमाला बघत राहिली. तिच्यासमोर उभ्या असलेल्या त्या सहा वर्षांच्या पोरीचा दोन महिन्यांचा उन्हाळा तिला दिसायला लागला, आणि तो बघवेना. पत्र्याखालची खोली, समोर आई, हातात सदरा. पोर बटण काजात घालते. असं नाही. पोर बटण काढते, पुन्हा घालते. असं नाही. दुसरं कसं असतं बटण लावणं? काजात घालायचं, ओढायचं, झालं. जगात बटण लावायची दुसरी रीत नाही, आणि ही पोर ती दुसरी रीत शोधत राहिली, दिवसचे दिवस, कारण कुठल्यातरी बाईंना ती माहीत आहे. आणि एके दिवशी तिनं शोधणं सोडून दिलं. मला येत न्हाई म्हटलं की सुटका. विजयमालाला वाटलं, उठावं, ते कार्ड टराटरा फाडावं, थर्माकोलच्या चौकटीला लाथ घालावी, आदिनाथ सरांची कॉलर धरून विचारावं, दाखवा आता वाढ, किती टक्के झाली ते मोजा. आणि लगेच तिला हेही कळत होतं की खोडरबर सरांच्या हातात नव्हतं. हे कळणं तिला नको होतं. रागाला दुसरं कुणीतरी पाहिजे होतं.

दोन वर्षांमागं बीडमध्ये तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं, याच जीवनकौशल्यांचं. सुग्रीव नावाचा एक तरतरीत तरुण तज्ज्ञ आला होता, पडद्यावर चित्रं दाखवत होता. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर त्यानं सगळ्यांना जोड्या करायला लावल्या. आपल्या हातून झालेली एक चूक जोडीदाराला सांगा, म्हणाला. ज्याला आपली चूक सांगता येते तोच मुलांना ते शिकवू शकतो. यास्मिनबाई म्हणाल्या, मी एकदा पाहुण्यांच्या भाजीत दोनदा मीठ घातलं. विजयमाला म्हणाली, मी एकदा परळीच्या गाडीऐवजी गेवराईच्या गाडीत बसले. दोघी हसल्या. सभागृहात सगळ्याच जोड्या हसत होत्या, पन्नास-साठ मास्तर, सगळ्यांच्या चुका मिठाच्या आणि गाडीच्या. तो तरुण खूश झाला, टाळ्या वाजवा म्हणाला. मग चहा आला. तिला तेव्हा काहीतरी खरं आठवलं होतं, पण ते तिची चूक नव्हती, म्हणून तिनं सांगितलं नाही.

ते आत्ता पुन्हा वर आलं, नको असताना. गेवराईकडचं तिचं गाव, ती तिसरीत. तिला तेव्हा 'क' अडायचा. बाकी सगळं सुरळीत, पण क आला की जीभ टाळ्याला चिकटायची, आणि कविता तर सगळी क-नेच भरलेली. गुरुजी फार मायाळू. एका संध्याकाळी त्यांनी तिला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, उद्या साहेब तपासणीला यायलेत. तू उद्या घरी थांब." एवढ्या प्रेमानं म्हणाले की तिला वाटलं, आपल्याला बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी आई छबुबाईनं विचारलं, "आज शाळा न्हाई का गं?" "सुट्टी हाय," ती म्हणाली, आणि दिवसभर मारुतीच्या देवळामागं चिंचोके खेळत बसली. पाचाला घंटा झाली, पोरं खाऊचे पुडे घेऊन बाहेर आली. साहेबांनी वाटले होते. तेव्हा कळलं. पुढं कितीतरी महिने वर्गात कुणी नवा माणूस आला की ती आपसूक उठायची, दप्तर उचलायची. कुणी सांगायची गरज उरली नव्हती. आणि गंमत बघा, ते गुरुजी वारले तेव्हा ही ढसाढसा रडली होती. माझे गुरुजी, माझे गुरुजी म्हणून. आज इतक्या वर्षांनी तिला त्यांचा राग आला, आणि मेलेल्या माणसाचा राग येऊन करता काय येतं? शिवाय गुरुजींनी तिला एक दिवस घरी बसवलं. हिनं आफ्रीनला?

"झालं का मॅडम चार नंबरच्या टेबलाचं?" आदिनाथ सर आले. त्यांनी आफ्रीनकडं पाहिलं, रिकाम्या दुसऱ्या रकान्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अडतंय का काही? असू दे. साहेबांची गाडी निघालीय. हिला आत वर्गात बसवा, फोटोत दुसरी पोरं घ्या. उगाच टेबलापुढं मुकी उभी राहिली तर कसं दिसतं. आणि कार्डावर टिक करून मोकळ्या व्हा." अगदी साध्या, समजूतदार आवाजात म्हणाले. पोरीच्या डोक्यावर त्यांनी हातही ठेवला.  "बसवते," ती म्हणाली. ती म्हणालीच! तोंडातून निघून गेलं, एकोणीस वर्षांच्या सवयीनं. सर पुढच्या टेबलाकडं गेले.

सलिमा वाकली. "बाई, एक सांगू का? आज बी न्हाई लिव्हून आलं तर हिचा अब्बा हिला शाळंत घालत न्हाई औंदा. म्हणले, अंगणवाडीतच बसू दे अजून एक साल, लोकांच्या पोरांत हसं नको. तुमी बघा काही होतंय का. एक-दोन ठिकाणी तरी येतंय लिवा. म्या अजून करून घेईन हिच्याकडून." ती हात जोडायच्या बेतात होती. आणि विजयमालाला एकदम दिसलं, किती सोपं आहे. लिहायचंच आहे. 'स्वतः करते', बारा वेळा, दोन मिनिटांचं काम. सलिमा खूश, फकीर खूश, पोरगी पहिलीत, सर खूश, साहेब खूश, वाढ शंभर टक्के. पूर्ण केंद्रात अशी वाढ कुणाची नसेल. खोटंही म्हणता येणार नाही, पोरीला येतच होतं की. तिनं पेन उघडला. पहिल्या चौकोनावर टोक टेकलं.

आणि तिची नजर पोरीकडं गेली. आफ्रीन टेबलाकडं पाठ करून अंगणात मिरवणुकीचा ट्रॅक्टर बघत उभी होती. तिचे हात अजून पाठीमागंच होते, आणि त्या हातांत फ्रॉकच्या पट्ट्याचं सुटलेलं टोक आलं होतं. बोटं आपली चाललीच होती. एक फेर, दुसरा फेर, ओढ. गाठ. सुंदर फासगाठ, न बघता, पाठीमागं. कार्डावरची सात नंबरची गोष्ट. विजयमालाच्या तोंडून "अगं!" असं निघालं. आफ्रीन वळली, बाई आपल्या हातांकडं बघतायत हे तिनं पाहिलं, आणि झटक्यात गाठ सोडून टाकली. हात बाजूला, ताठ. तोंडावर चोरी सापडल्यासारखा भाव. आता 'येते' लिहिलं तर आईला पटेल, अब्बाला पटेल, सरकारला पटेल. हिला पटणार नाही. हिला वाटेल, बाईंनी आपल्यावर दया केली. आपल्याला येत नाही, पण बाई चांगल्या आहेत. मोठी होऊन माझ्यासाठी रडेल ही, विजयमालाच्या मनात आलं, माझ्या बाई, माझ्या बाई म्हणून. तिनं पेनाला टोपण लावलं.

"भाभी, जरा इकडं या," ती म्हणाली. सलिमा टेबलाला वळसा घालून आली. आफ्रीन मधे. कुठून सुरुवात करावी कळेना. एवढी बोलणारी बाई, पालकसभेत तासतास बोलणारी, आणि आत्ता पहिलाच शब्द अडला. "ते का... का..." तिसरीतला क आला, चाळीशी उलटल्यावर, भर व्हरांड्यात. तिनं श्वास घेतला. "कार्ड खोटं आहे. एप्रिलमध्ये आफ्रीनला सगळं येत होतं. सातही बटणं लावली तिनं. केळं सोललं. दोन फोन नंबर सांगितले. मी 'नाही' लिहिलं."

सलिमा हसली. "तुमी माझं मन राखायला बोलायलात बाई."

"नाही भाभी. आईची शपथ. मी आधी बरोबर लिहिलं होतं, मग खोडलं."

"कावून?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? ऑफिसात, पंख्याखाली, तिघांच्या मधे ते किती शहाणपणाचं वाटलं होतं. "जूनमध्ये वाढ दिसावी म्हणून," विजयमाला म्हणाली. बाहेर उच्चारल्यावर ते वाक्य इतकं येडपट वाटलं की तिला आणखी काहीतरी जोडावंसं वाटलं, खुलासा, मागचं वर्ष, वरचे लोक, सगळेच करतात. सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिनं गिळलं. मैदानाच्या फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी पोरांना "उभं राहा, टाळ्या वाजवा" म्हणत होतं. सलिमा कार्डाकडं बघत होती, वरपासून खालपर्यंत, वाचता येत नसलं तरी एकेक ओळ. तिचं हसू अजून तोंडावर तसंच राहून गेलं होतं, ते हळूहळू उतरलं.

"मंग मी हिला मारलं, ते?" ती म्हणाली.

 सलिमा ओरडली असती, चार लोक गोळा केले असते, कार्ड तोंडावर फेकलं असतं, तर बरं झालं असतं. ती काहीच करेना. वर्तमानपत्राची रिकामी घडी हातात घेऊन ती नुसती उभी होती, आणि तिचा दुसरा हात पोरीच्या खांद्यावर जायला निघाला आणि मधेच थांबला. आफ्रीन मात्र दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. तिला एवढं सगळं नव्हतं कळलं. पण एक गोष्ट तिनं पकडली होती आणि ती तिला पक्की करून घ्यायची होती.

"बाई, तुमी खोटं लिव्हलं?"

"हो."

"समदं?"

"बाराच्या बारा."

"मॅडम! चला, साहेब आले, फोटो!" आदिनाथ सरांची हाक आली. मागोमाग टाळ्या सुरू झाल्या. आफ्रीननं त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. तिनं भुवया आक्रसल्या, फोन नंबर आठवताना आक्रसायची तशा. रागबिग काही नव्हता तिच्या तोंडावर. चुकलं की पुढं काय होतं ते तिला या उन्हाळ्यात नीट ठाऊक झालं होतं, फक्त बाईंच्या बाबतीत ते कसं करतात, एवढंच तिला कळत नव्हतं.

"मंग तुमाला कुनी मारलं?" तिनं विचारलं.